पिटकीचा तुकडा गेला मिक्सरमध्ये

एक होती मुंगी. तिचं नाव पिटकी.
पिटकी एवढीशी. तीळसुद्धा तिच्याहून मोठा.

एका रविवारी जुईचे बाबा मिल्कशेक करत होते. बाबांनी बिस्किटं घेतली. बाहेरून काळी, आत पांढरं क्रीम. बत्त्याने कुटली. ठक ठक ठक.

एक तुकडा उडाला. टुपुक्. ओट्यावर पडला.

पिटकी आली. तुरुतुरु तुरुतुरु. तिने तुकडा उचलला. तुकडा जड. पिटकीचे सहा पाय थरथरले. पण काय वास! पिटकी घरी निघाली.

बाबांना एक खोड. काही म्हणून वाया जाऊ द्यायचं नाही. त्यांनी ओट्यावरचा चुरा हाताने गोळा केला. टाकला मिक्सरच्या भांड्यात. फस्स्.
पिटकी कशीबशी निसटली. तुकडा गेला.

पिटकी भांड्याच्या काठावर चढली.
"भांडेबुवा, भांडेबुवा, माझा तुकडा मला द्या."
भांडं म्हणालं, "तुकडा गेला तळाशी. मिक्सर फिरल्याशिवाय तो वर येणार नाही."

पिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मिक्सरकडे.
"मिक्सरदादा, मिक्सरदादा,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तू फिर ना."
मिक्सर म्हणाला, "दूध आल्याशिवाय मी फिरणार नाही. कोरडं फिरलं की माझा घसा बसतो."

पिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली दुधाकडे. दूध पातेल्यात गार होऊन बसलं होतं.
"दूधमावशी, दूधमावशी,
मिक्सर फिरेना,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तू भांड्यात ये ना."
दूध म्हणालं, "साय हलल्याशिवाय मी येणार नाही. बघतेस ना, कशी पसरली आहे माझ्या अंगावर?"

साय तिथेच होती. जाड जाड. गोधडीसारखी. पिटकीला फार चालावं लागलं नाही. तुरु. झालं.
"सायबाई, सायबाई,
दूध येईना,
मिक्सर फिरेना,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तू हल ना."
साय आळसावून म्हणाली, "मी रोज वाटीत जाते. मग माझं तूप होतं. वाटी आहे फ्रिजमध्ये. फ्रिज उघडल्याशिवाय मी हलणार नाही."

पिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ओट्यावरून खाली. फरशीवरून पुढे. गेली फ्रिजकडे. फ्रिज घुमत होता. घूंऽऽ घूंऽऽ.
"फ्रिजकाका, फ्रिजकाका,
साय हलेना,
दूध येईना,
मिक्सर फिरेना,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तुम्ही उघडा ना."
फ्रिज म्हणाला, "मी आपणहून उघडत नसतो. जुई उठल्याशिवाय मी उघडणार नाही. ती दार ओढते."
पिटकीने स्वतःच दार ओढून पाहिलं. हुंऽऽऽ. हुंऽऽऽ. फ्रिजला पत्ताच नाही.

पिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली जुईकडे.

जुई कुठे होती? टेबलाखाली. का होती? रुसली होती.

त्याचं असं झालं. जुईने तीन बिस्किटं उघडली. तिन्हींचं क्रीम चाटलं. तिन्ही पुन्हा मिटली. आणि गुपचूप बशीत ठेवली. बाबांनी ते पाहिलं. ते म्हणाले, उष्टी बिस्किटं मिल्कशेकमध्ये घालायची नाहीत, मिल्कशेक सगळ्यांना प्यायचाय. झालं. बाईसाहेब टेबलाखाली.

"जुईताई, जुईताई,
फ्रिज उघडेना,
साय हलेना,
दूध येईना,
मिक्सर फिरेना,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तू ऊठ ना."
जुई म्हणाली, "बाबाने हाक मारल्याशिवाय मी उठणार नाही."

पिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. गेली बाबांकडे. बाबा हाताची घडी घालून उभे होते.
"बाबा, बाबा,
जुई उठेना,
फ्रिज उघडेना,
साय हलेना,
दूध येईना,
मिक्सर फिरेना,
भांडं तुकडा देईना,
माझा तुकडा मला मिळेना.
तुम्ही हाक मारा ना."
बाबा म्हणाले, "जुई हसल्याशिवाय मी हाक मारणार नाही."

घ्या. बाप तशी लेक.

पिटकी पुन्हा टेबलाखाली आली. जुईचा गाल फुगलेला. तिचे पाय पुढे पसरलेले.

पिटकी चावली असती. मुंग्यांना चावता येतं बरं. पण तिला वाटलं, जिच्याकडे मदत मागायची तिला चावायचं कसं?

म्हणून पिटकी जुईच्या तळपायावर चढली. आणि चालली. इकडून तिकडे, तुरुतुरु. तिकडून इकडे, तुरुतुरु. अंगठ्याला वळसा, तुरुतुरु.

जुईने ओठ घट्ट मिटले. नाक दाबलं. पण हसू काय नाकातून येतं? ते आलं पोटातून.
खी. खीखी. खीखीखीखी.

मग काय!
जुई हसली.
बाबांनी हाक मारली, "ये गं, जुई."
जुई उठली.
फ्रिज उघडला. वाटी आली. वाटीबरोबर आइस्क्रीमही आलं.
साय हलली, वाटीत गेली.
दूध आलं, बदाबदा.
मिक्सर फिरला. घुर्रर्रर्र. घुर्रर्रर्र. घुर्रर्रर्र.
भांड्याचं झाकण निघालं. फेस वर आला.

पिटकी धावत काठावर चढली. आत डोकावली.
इकडे तुकडा नाही. तिकडे तुकडा नाही. दूध पांढरं होतं, ते राखाडी झालं होतं. तुकड्याचं पीठ झालं होतं.

अरेरे, पिटके. सगळं घर पालथं घातलंस. ज्याला त्याला विनवलंस. आणि स्वतःचाच तुकडा दळून घेतलास.

पिटकी पेल्यामागे जाऊन बसली आणि रडली. मुंगी रडली तर कोणाला ऐकू येतं? कोणालाच नाही. पण जुई पेला घ्यायला वाकली आणि तिला पिटकी दिसली.

जुई म्हणाली, "बाबा, तू हिचा तुकडा दळलास."
बाबांना वाईट वाटलं. ते चमचाभर मिल्कशेक आणायला निघाले.
जुई म्हणाली, "चमच्यात ती बुडेल ना."
खरंच होतं ते.

पुड्यात एकच बिस्कीट उरलं होतं. जुईने ते घेतलं. हळूच पिळलं. कटक्. एक बाजू कोरडी. दुसऱ्या बाजूला सगळं क्रीम.

जुईची जीभ बाहेर आली. क्रीमच्या अगदी जवळ गेली. जुईने पिटकीकडे पाहिलं. पिटकीने जुईकडे पाहिलं.

जुईने जीभ आत घेतली. तोंड मिटलं. आणि क्रीमची बाजू पिटकीपुढे ठेवली.

"घे," ती म्हणाली. "उष्टं नाहीये."
कोरडी बाजू जुईने स्वतः खाल्ली. कुरुम कुरुम.

पिटकीला अर्धं बिस्कीट उचलेना. तिने तायांना बोलावलं. मावश्यांना बोलावलं. आत्या न बोलावताच आल्या. साठ मुंग्या बिस्किटाखाली शिरल्या. हैशा. हैशा. बिस्कीट निघालं.

घरापाशी पोचलं. पण मुंग्यांचं दार केवढं? मोहरीएवढं. बिस्कीट आडवं केलं, जाईना. उभं केलं, जाईना. साठ मुंग्या विचारात पडल्या.

मग काय करतात? दारातच पंगत बसली. पहिला घास पिटकीचा. तिने क्रीममध्ये तोंड घातलं, ते पांढरी मिशी घेऊनच वर आलं.

बिस्कीट मुंग्यांच्या पोटात. मिल्कशेक जुईच्या पोटात. गोष्ट आपल्या पोटात.