कोळेकरांना सगळं समजायचं

एका तालुक्याच्या गावात एक दूध संघ होता आणि त्या संघाचे संगणक भालचंद्र कोळेकर नावाचे एक गृहस्थ सांभाळायचे. चाळीस गावांचं दूध यायचं. कुठल्या गावचं किती, फॅट किती, कुठला टँकर कुठं अडकला, हे सगळं एका गार खोलीतल्या सर्व्हरमध्ये साठायचं. त्या खोलीची किल्ली सोळा वर्षं कोळेकरांच्या खिशात होती. माणूस सरळ. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एकच खोड होती, आणि ती कुणाला खोड वाटायची नाही. समोरचा काही सांगायला लागला की हे अर्ध्यातच मान हलवायचे आणि म्हणायचे, "समजलं."

एक दिवस संघाच्या संचालकांनी ठरवलं, जुना सर्व्हर मोडीत काढायचा आणि पार वेगळ्या पद्धतीची नवी यंत्रणा आणायची. व्यवस्थापक देशिंगकर साहेबांनी कोळेकरांना केबिनमध्ये बोलावलं. कोळेकरांच्या हाताखाली काम करणाऱ्या नझमा मुल्लालाही बोलावलं.

"नव्या यंत्रणेला हात लावायचा तर सर्टिफिकेट पाहिजे," साहेब म्हणाले. "परीक्षा जिल्ह्याला होते. अकरा महिने आहेत तुमच्याकडं. तीनदा बसता येईल. तिसऱ्यांदाही गाडी अडली, तर कोळेकर, तुमची जागा मला राखता येणार नाही. तसा ठरावच झालाय."

"समजलं," कोळेकर म्हणाले.

परीक्षा मोठी खट होती. लिहायचं काही नाही, पाठ म्हणायचं काही नाही. माणसाला दोन तास संगणकापुढं बसवायचं आणि पंधरा कामं द्यायची. बंद पडलंय ते सुरू करा. हरवलंय ते शोधा. बिघडवून ठेवलंय ते दुरुस्त करा. जवळ पुस्तक नाही, फोन नाही. आपण आणि आपले दोन हात.

कोळेकर तयारीला लागले. त्यांनी इंटरनेटवरचा एक कोर्स घेतला. दोनशे पानी वही आणली, चार रंगांची पेनं आणली. वेळापत्रक तर असं सुबक काढलं, की शेजारचे लोक बघून गेले. पहाटे पाचला उठायचं, अंघोळ करायची, लॅपटॉपला उदबत्ती ओवाळायची आणि व्हिडिओ लावायचा. त्यातले मास्तर भराभर टाइप करायचे, पडद्यावर धडाधड कामं व्हायची. कोळेकर चहाचा घोट घेत म्हणायचे, "वा! एवढं सोपं होय!"

प्रत्येक धड्याखाली एक काम दिलेलं असायचं: आता हे तुम्ही करून बघा. कोळेकर दोन ओळी टाइप करायचे. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची, चूक म्हणून. तिथंच खाली एक बटण होतं, 'उत्तर पाहा'. कोळेकर ते दाबायचे, उत्तर वाचायचे आणि मांडीवर थाप मारायचे. "हेच तर म्हणत होतो मी!" की लगेच पुढचा धडा.

आता यात लबाडी कुठं होती, सांगा बरं? कुठंच नव्हती. माणूस पहाटे उठत होता, लग्नकार्यं टाळत होता, वहीत हिरव्या-लाल रेघा मारत होता. आळशाचं नुकसान झालं तर आपण म्हणतो, बरं झालं, चांगली खोड मोडली. इथं तसंही म्हणता येत नाही, आणि म्हणून या माणसासाठी जीव तुटतो.

कोळेकरांची बायको शैलजाबाई. त्या घरी शिवणाचा क्लास चालवायच्या. एका सकाळी चहा ठेवायला आल्या आणि उभ्या उभ्याच बघत राहिल्या.

"अहो, तो माणूस मघापासून टाइप करतोय. तुम्ही कधी करणार?"

"अगं, एकदा समजल्यावर करायचं काय राहिलं?"

"माझ्या बायकांना पण फळ्यावर सगळं समजतं. कात्री हातात दिली की बाही उलटी लागते. तुम्हाला समजतंय, का येतंय?"

"तुझी बाही कुठं आणि माझा सर्व्हर कुठं!" कोळेकर हसले. शैलजाबाई रिकामा कप घेऊन आत गेल्या.

तिकडं ऑफिसात नझमाचं वेगळंच चाललं होतं. जेवणाची सुट्टी झाली की ती एका जुन्या संगणकापुढं बसायची, आपल्याच हातानं त्यात काहीतरी मोडायची आणि मग ते दुरुस्त करत बसायची. निम्म्या वेळा जमायचं नाही. पडदा लाल व्हायचा, ती डोक्याला हात लावायची, जीभ चावायची आणि परत पहिल्यापासून करायची. अर्धा तास झाला की उठायची, मग जमो न जमो.

एके दिवशी ती म्हणाली, "साहेब, बसा ना माझ्याबरोबर. रोज अर्धाच तास. मी तुमचं मोडते, तुम्ही माझं मोडा."

कोळेकरांनी खुर्ची ओढलीसुद्धा. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहिले. आणि त्यांच्या मनात आलं, आपण बसलो आणि लाल अक्षरं आली तर? हिला पहिला पासवर्ड आपण घालून दिला. ही बघेल. उद्या सगळं ऑफिस म्हणेल, कोळेकरांना काही येत नाही. त्यांनी खुर्ची परत टेबलाखाली सारली.

"तू कर. मला समजलंय ते," ते म्हणाले. नझमानं पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात कोळेकर परीक्षेला बसले आणि आपटले. घरी येऊन म्हणाले, "प्रश्नच आडवळणी होते. कोर्स हलका निघाला." त्यांनी दुसरा कोर्स घेतला आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. पहिला धडा तर आधीच येत होता. दुसराही ओळखीचाच. कोळेकरांना वाटलं, काय झपाट्यानं चाललंय! आठव्या महिन्यात परत बसले. या खेपेला आणखी कमी मार्क पडले. मग त्यांनी टेबल खिडकीशी हलवलं, नवी खुर्ची आणली, तिसरा कोर्स घेतला आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून श्रीगणेशा. पहिले तीन धडे आता ते झोपेतसुद्धा म्हणाले असते. चौथ्याच्या पुढं सगळा आनंद होता.

नझमाही एकदा नापास झाली होती. ज्या सहा कामांत ती अडली, तेवढीच सहा तिनं दोन महिने घोटली आणि दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पहिला पेढा तिनं कोळेकरांना दिला. त्यांनी तोंडभर अभिनंदन केलं आणि पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

अकराव्या महिन्यात तिसरी परीक्षा आली. देवाला नारळ फोडून कोळेकर पहिल्या एसटीनं जिल्ह्याला गेले. परीक्षेवर देखरेख करणाऱ्या बाईंनी त्यांचं घड्याळ काढून घेतलं, खिसे तपासले आणि कोपऱ्यातल्या संगणकापुढं बसवलं. पडद्यावर पहिलं काम आलं. रोज ठरल्या वेळी सगळ्या माहितीची प्रत आपोआप निघेल, अशी व्यवस्था करा.

कोळेकरांना त्यातला शब्द न् शब्द समजला. हे कुठल्या धड्यात होतं, तेही आठवलं. डोळे मिटले तर मास्तरांचा आवाज कानात ऐकू येत होता, मध्येच खोकले होते तो खोकलासुद्धा. त्यांनी डोळे उघडले, बोटं कळफलकावर ठेवली. बोटं हलेनात. पहिलं अक्षर कुठलं, हेच सुचेना. एक ओळ टाकली, लाल झाली. दुसरी टाकली, ती पण लाल झाली. आणि कोळेकरांची नजर आपोआप पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली, बटण शोधायला. तिथं काहीच नव्हतं.

ते पुढच्या कामाकडं वळले. तेही समजलं. त्याच्या पुढचंही समजलं. पंधराच्या पंधरा समजली हो! त्यांतलं एक होईना. आजूबाजूला पोरंपोरी खडखड टाइप करत होती. कोळेकरांनी हात मांडीवर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, की आपल्याला यातलं काही येत नाही, आणि ते कळायला ही जागा आणि ही वेळ मिळाली.

"काका, अर्धा तास आहे अजून," बाई हळूच म्हणाल्या.

"असू दे, बाई," कोळेकर म्हणाले आणि उठले.

देशिंगकर साहेबांनी एक महिन्याची नोटीस दिली. साहेबांनाही वाईट वाटलं, पण ठराव तो ठराव. सर्व्हरच्या खोलीची किल्ली नझमाकडं गेली. कोळेकर रोज वेळेवर यायचे आणि मोकळ्या टेबलाशी बसून राहायचे. कुणी काम सांगेना. नव्या यंत्रणेत ते नव्हते आणि जुनी तर भंगारात गेली होती. आता लाज तरी कुणाची धरायची? दोन दिवस त्यांनी भिंतीकडं बघून काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडला, व्हिडिओ न लावता, आणि चौथ्या धड्यातलं काम करायला घेतलं.

लाल. पुन्हा लाल. येणारे-जाणारे बघत होते. कोळेकर चुकत होते आणि करत होते. अडलं तर नझमाला हाक मारून विचारत होते. दुसऱ्या दिवशी परत तेच काम, कोऱ्या पडद्यावर. असे दिवस गेले. तेविसाव्या दिवशी त्यांनी परीक्षेतली पंधराच्या पंधरा कामं ओळीनं केली, कुठं न बघता. शेवटचं झालं तसे ते उठले आणि धावतच केबिनमध्ये गेले.

"साहेब, येतंय! आता येतंय मला. बसा, दाखवतो. एकदा बसू द्या परीक्षेला."

साहेबांनी चष्मा काढला. "कोळेकर, तुमची जागा भरली. नवीन माणूस सोमवारी हजर होतोय. वरातीमागून घोडं आणलंत हो तुम्ही."

कोळेकर घरी गेले. शैलजाबाई मशीनवर बसल्या होत्या. कोळेकर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"तेवीस दिवस लागले गं," ते म्हणाले. "नुसते तेवीस दिवस. आणि माझ्याकडं अकरा महिने होते."

एवढं बोलून तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. शैलजाबाईंना बोलायला पुष्कळ होतं. त्यांनी मशीन थांबवलं आणि त्या नुसत्या त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

तात्पर्य: समजलं म्हणजे आलं नव्हे. विद्या ऐकून कानात शिरते, पण हातात उतरते ती रोज थोडं थोडं चुकत केल्यानंच. चारचौघांत चुकायला जो लाजतो, त्याला ती भेटते खरी. पण तोवर त्याला तिचा काही उपयोग उरलेला नसतो.