भागामाळणीचा अडलेला हुंकार

अक्षता हातात घ्या बायांनो, मूठ मिटा, आणि धीराईची कहाणी ऐका. गप्पा नंतर. जिला मधेच उठायचं असेल तिनं आत्ताच उठावं. का ते पुढं कळेल.

होतं एक नगर, आटपाट म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. नगराच्या कडेला दोन माळी राहत. दोघे सख्खे भाऊ. दोन घरं, मधे एक भिंत, परसात दोघांत एक विहीर. थोरल्याची बायको भागा, धाकट्याची सगुणा. भागेला एक लेक, तिचं नाव मैना. सगुणेला एक लेक, तिचं नाव चंद्री.

एके वर्षी काय झालं? धाकटा माळी फुलांच्या करंड्या घेऊन परमुलखात गेला, तो आलाच नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. सगुणेचा मळा सुकला, मोट फाटली, चूल थंडावली. मग भागा काय करी? सकाळी भाकरी घेऊन जाई. दुपारी ताक घेऊन जाई. दिवेलागणीला नुसतीच जाई, जवळ बसे, सगुणेचे डोळे पुशी. म्हणे, "रडू नको गं बाई. एका राणीचं तर राज्य गेलं होतं. तिनं फुटक्या मडक्यातली आंबील खाल्ली. तुझं मडकं निदान धड आहे." सगुणेला बरं वाटे. भागेला त्याहून बरं वाटे. ती घरी येई, आपला हिरवा मळा बघी, ओट्यावर बसलेला नवरा बघी, आणि पोटभर जेवी. गाव म्हणे, भागेसारखी धीर देणारी बाई नाही. भागेलाही तसंच वाटे.

मग सगुणेनं धीराईचा वसा घेतला. हा वसा कसा करावा? पौषातल्या बुधवारी पाटावर तांदळाची रास करावी, राशीवर सुपारी मांडावी, तीच धीराई. शेजारणीला हाक मारावी, तिच्या मुठीत अक्षता द्याव्या, आणि त्या राणीची कहाणी सांगावी. राज्य कसं गेलं ते सांगावं, परत कसं मिळालं तेही सांगावं. शेजारणीनं हुंकार द्यावा. कहाणी पुरी झाली की अक्षता देवीला वाहाव्या, गूळखोबरं वाटावं. एवढाच वसा. सगुणेनं केला. धीराई पावली. चौथ्या वर्षी धाकटा माळी दारात उभा राहिला. मळ्याला पाणी लागलं, मोगरा फुलला. चंद्रीच्या हातचे हार राजवाड्यात गेले. राजाच्या राणीनं हार पाहिले, हार करणारी पाहिली, सून करून नेली. दारात पालखी आली. चंद्री पालखीत बसली. सगळी आळी अक्षता टाकायला धावली, आणि भागा आपल्या ओट्यावरून बघत राहिली.

भागेच्या पोटात दुखलं. ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं.

दुःखात जी दिवसातून तीनदा येई, ती सुखात महिन्यातून एकदा येईना. विहिरीवर सगुणा आली की हिची घागर भरलेली असे. सगुणा म्हणे, "अक्का, बसा की जरा." भागा म्हणे, "तुझं बरं आहे बाई, तुला बसायला सवड आहे." आणि घरी येऊन भांडी आपटी. नवरा पुसे, काय झालं? ती म्हणे, काही नाही. मैना पुसे, काय झालं? ती म्हणे, तुला काय करायचंय? मग चुलीला पुटपुटे, "माझ्या मैनेचं नाक चंद्रीहून सरळ आहे."

पुढं पौष आला. सगुणा उतली नाही, मातली नाही, तिनं वसा चालवला. भागेला हाक मारली. नाही कसं म्हणायचं? भागा गेली, मुठीत अक्षता घेऊन बसली. सगुणेनं कहाणी सुरू केली. राणीचं राज्य गेलं. भागा म्हणाली, "हूं." राणी रानात हिंडली. "हूं." राणीनं फुटक्या मडक्यातली आंबील खाल्ली. "हूं हूं!" मग सगुणा म्हणाली, "पुढं राणीचे दिवस पालटले," तशी भागा उठली. "माझं दूध उतू जाईल," म्हणाली आणि निघाली. दुसऱ्या बुधवारी तिथंच उठली. "वासरू सुटलं असेल," म्हणाली. तिसऱ्या बुधवारी तिथंच उठली. "पाहुणे यायचेत," म्हणाली. दूध सकाळीच तापवून झालं होतं. वासरू दाव्याला होतं. पाहुणा तर पौषात कोण येतो? राणीचे हाल ऐकायला तिला गोड वाटे, राणीचं सुख ऐकवेना. आणि मुठीतल्या अक्षता? देवीला वाहायच्या त्या घरी आणून तांदळाच्या मडक्यात टाकल्या. चौथ्या बुधवारी ती गेलीच नाही.

मग माघ लागला. मैनेचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, दारी दोन बैलजोड्या. भागा हरखली. मनात म्हणाली, आता सगुणेला दाखवते मांडव कसा घालतात ते. पंचमीचा मुहूर्त धरला. मैनेला हळद लावली. हळदीची पोर, तिनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून घरात बसली. वरात निघाली. शिवेवरच्या वडापाशी आली, आणि बैल मटकन खाली बसले. चुचकारलं, चारा दाखवला, शेपट्या पिरगाळल्या. उठेनात. मुहूर्त टळला.

सप्तमीचा मुहूर्त धरला. पुन्हा हळद लावली. वरात वडापाशी आली, बैल बसले. मुहूर्त टळला. दशमीचा मुहूर्त धरला. बैल बदलले, घोडं आणलं. घोडंही बसलं. मुहूर्त टळला. मैना म्हणाली, "आई, वाळली की हळद आग करते गं. आता पुन्हा नको लावू." व्याह्यांचा निरोप आला, "आम्ही वडाखाली किती दिवस भाकरी भाजायच्या? पौर्णिमेपर्यंत थांबतो. नाही जमलं तर परत फिरतो, दुसरीकडं मुलगी बघतो." तीनदा हळद लागून राहिलेली पोर मग कोण करणार? भागेच्या पायाखालची जमीन सरकली.

मग तिच्याकडं कोण आली? सगुणा आली. सकाळी आली, दुपारी आली, दिवेलागणीला आली. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "रडू नका अक्का. त्या राणीचं तर राज्य गेलं होतं." भागेनं डोळ्यावरचा पदर काढला आणि सगुणेच्या तोंडाकडं पाहिलं. सगुणेच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठ मात्र सुखानं मिटले होते. जेवून उठलेल्या माणसासारखे. भागेनं ते ओठ ओळखले. बाई गं, म्हणाली, हे तर माझेच! तिच्या अंगाची आग आग झाली. एकादशी गेली, द्वादशी गेली, ती भांडी आपटीत राहिली.

त्रयोदशीला भल्या सकाळी ती वडापाशी गेली. एकीकडं व्याही मंडळी चूळ भरत होती. दुसऱ्या अंगाला एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. अर्धे निवडी, पुन्हा मिसळी, पुन्हा अर्धे निवडी. भागेनं पुशिलं, "आजी, असं काय करता?"

म्हातारी म्हणाली, "मी इथवरच आले. मला इथवरच आणलं. कहाणी पुढं चालली की मी पुढं चालते. एका बाईनं तीन बुधवार मला राणीच्या फुटक्या मडक्यापाशी सोडलं आणि दूध बघायला गेली. मी पुढं कशी जाऊ? मी नाही उठले तर बैल कसे उठतील?"

भागेनं पाय धरले. "आई, चुकले. उःशाप सांग. उपास सांग, सोळा करीन. ओलेत्यानं प्रदक्षिणा सांग, शंभर घालीन. ताटावाचून जमिनीवर जेवायला सांग, जेवीन."

धीराई म्हणाली, "ते सगळं तू करशील, मला माहीत आहे. आणि गावभर सांगशील. म्हणून ते नाही. जिचं दुःख चवीनं ऐकलंस, तिचं सुख तिच्या तोंडून ऐक. मधे उठू नको. तीन हुंकार दे. आणि हुंकार पोटातून यायला हवा, नुसता नाकातून आलेला मला चालत नाही."

भागा म्हणाली, "आई, दुसरं काही नाही का?"

धीराई सूप पाखडू लागली.

त्रयोदशी गेली, भागा घरातल्या घरात फेऱ्या घालत राहिली. चतुर्दशी गेली, तिनं सगुणेच्या दारापर्यंत जाऊन तीनदा परत पाय फिरवला. पौर्णिमा उजाडली. मैनेनं चौथ्यांदा हळद लावून घेतली, तोंडातून शब्द काढला नाही. तशी भागेनं मडक्यातले मूठभर तांदूळ घेतले, सगुणेकडं गेली, पाटापुढं बसली. म्हणाली, "सगुणे, राणी राहू दे. तुझी कहाणी सांग. दिवस कसे पालटले तिथून सांग."

सगुणा सावरून बसली. मग सांगू लागली. "अक्का, मी उंबऱ्यात बसले होते. लांबून चाल ओळखीची वाटली. दाढी वाढलेली, पायात फोड. मी म्हटलं, हे तेच." भागेनं दात आवळले, मग सोडले. म्हणाली, "हूं." लांब वडाखाली वाजंत्री वाजली.

सगुणा म्हणाली, "मग मळ्याला पाणी लागलं. पहिल्या दिवशी मोगऱ्याला सात कळ्या आल्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या." भागेला आठवलं, त्या दिवशी आपण भिंतीवरून त्या कळ्या बघितल्या होत्या आणि खुडून टाकाव्याशा वाटल्या होत्या. तरी म्हणाली, "हूं." वाजंत्री वाटेतल्या ओढ्यापर्यंत आली.

सगुणा म्हणाली, "मग माझी चंद्री पालखीत बसली." आणि थांबली. भागेचं तोंड उघडलं, आवाज निघेना. पालखीचे भोई दिसत होते, भरजरी पडदा दिसत होता, आळीच्या बायांची धावपळ दिसत होती. हुंकार बोराच्या आठोळीसारखा घशात अडला. तिकडं वाजंत्री थांबली. ओढ्यात बैल बसले असणार. भिंतीपलीकडून मैनेचं रडू ऐकू आलं.

तशी भागा रडत म्हणाली, "सगुणे, येत नाही गं हुंकार! तुझा नवरा हरवला तेव्हा मला बरं वाटत होतं. तुला भाकरी द्यायची आणि घरी येऊन दोन जास्त खायची. तुझे डोळे पुसायची आणि माझं मन कसं गार व्हायचं. तो परत आला आणि मी जळाले. अजून जळते आहे. माझी पोर हळद लावून बसली आहे आणि मी तुझ्या पालखीवर जळते आहे!"

सगुणा म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या भाकरीपासून. तुमच्या तोंडावर दिसायचं, अक्का. पण भाकरी गरम होती. माझी चंद्री त्याच भाकरीवर वाढली. तुमच्या मनात काय होतं ते भाकरीला कुठं माहीत होतं?" मग सगुणेनं खाली पाहिलं. "आणि माझं ऐका. पंचमीला तुमची वरात अडली. मी तुमच्याकडं आले, रडले, घरी गेले आणि गुळाचा सांजा करून खाल्ला."

"सप्तमीला?"

"सप्तमीला तूप जास्त घातलं."

आधी भागेला हसू फुटलं, मग सगुणेला. हसता हसता सगुणेचा आवाज चिरकला. म्हणाली, "अक्का, चंद्री पालखीत बसली ना, त्या दिवशी मी वळून तुमचा ओटा पाहिला. दुःखात आळीभर बायका मला धीर द्यायला यायच्या. सुख सांगायला मात्र मला कुणी नव्हतं. पालखी गेल्यावर मी सुपारीपुढं बसून एकटीच बोलले. चंद्री कशी दिसत होती ते अजून मी कुणाला सांगितलेलं नाही."

भागा पुढं सरकली. सगुणेचा हात हातात घेतला. म्हणाली, "मला सांग. शालू कुठला नेसली होती?"

"हिरवा. जरीच्या काठाचा."

"नथ?"

"तिच्या सासूनं घातली. मोत्यांची. पडद्याआड गेली तेव्हा माझ्याकडं बघून हसली, अक्का."

आणि भागा म्हणाली, "हूं." पोटातून आला. तिलाही कळलं नाही केव्हा आला.

ओढ्यात बैल उठले. वाजंत्री कडाडली. भागेनं मुठीतल्या अक्षता धीराईला वाहिल्या आणि दोघी जावा अनवाणी मांडवाकडं पळाल्या. मुहूर्त साधला. मैनेच्या गळ्यात माळ पडली. सासरी निघताना मैना आईच्या गळ्यात पडली. मग लेक गेली, मांडव सुटला, माणसं पांगली, आणि भागेला आपलं घर ओकंबोकं दिसू लागलं. तेवढ्यात सगुणा आली. ओट्यावर बसली. या खेपेला राणीचं नाव काढलं नाही. म्हणाली, "अक्का, मैना कशी दिसत होती ते सांगा. मी मांडवाच्या टोकाला होते, मला नीट दिसली नाही." भागेनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. सगुणा प्रत्येक वाक्याला हुंकार देत राहिली.

धीराई भागेला पावली, सगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमच्या दुःखात कुणी भाकरी आणो, तुमच्या सुखात कुणी येऊन बसो. गोष्ट साठांची होती, पाचांत सांगितली. एकही बाई मधून उठली नाही, म्हणून सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता अक्षता वाहा. गूळखोबरं मी वाटते. माझी जाऊ त्या दाराशी बसली आहे, पहिली वाटी तिला. तिच्या सुनेला काल मुलगा झाला. सांग गं, कसा आहे? हूं.