घोडीची पाठराखीण

पाहुणे, घोडी पसंत पडली, उत्तम झालं. पण खराट्यांच्या पागेतून घोडं एकटं जात नाही. नव्या नवरीसोबत पाठराखीण जाते ना, तसं आमच्या घरचं एक माणूस तुमच्याकडं येणार आणि जनावर तुमच्या हातून खाऊ लागेपर्यंत राहणार. हसू नका. हा खुळेपणा कशापायी, ते आधी ऐका.

ही पागा आमच्या मूळपुरुषानं, बहिर्जीनं उभी केली असं सांगतात. त्याच्या बायकोचं नाव तान्हूबाई. तिनं एक आईवेगळं शिंगरू शेळीच्या दुधात फडकं भिजवून जगवलं. त्याचीच पुढं मोरी नावाची देखणी घोडी झाली. ती खायची फक्त तान्हूबाईच्या ओंजळीतून. बाईलाही त्याचं भारी कौतुक, दुसऱ्या कुणाला दाणा घालू द्यायची नाही. तिथंच चुकलं बघा.

घाटाखालच्या देशमुखांनी मोरी मागितली आणि बहिर्जी हो म्हणून बसला. आता बायको रडून घर डोक्यावर घेईल, या धास्तीनं त्यानं बायको रानात गेलेली बघून घोडी गुपचूप देऊन टाकली. शहाणाच म्हणायचा!

थोड्याच दिवसांत निरोप आला, की घोडी तोंडात काडी धरत नाही, आजारी जनावर आमच्या गळ्यात मारलंत. बहिर्जी हट्टाला पेटला, जाईना. तान्हूबाईनं मात्र पदर खोचला आणि उतारवयात घाट उतरली. मोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. बाईनं ओंजळ पुढं केली आणि घोडी खाऊ लागली. देशमुख वरमले. म्हणाले, घेऊन जा तुमची घोडी.

तिला काय न्यावंसं वाटलं नसेल? पण ती म्हणाली, "आज नेईन हो. पण मी पिकलं पान. माझ्यामागं ही उपाशीच मरायची."

मग ती तिथंच राहिली म्हणे. देशमुखांच्या सुनेला, आवडाबाईला, तिनं जवळ बसवलं. आधी आपल्या ओंजळीखाली तिची ओंजळ धरली. मग तिची वर, आपली खाली. मग आपले हात हळूच काढून घेतले. रोज थोडी मागं सरकत एक दिवस ती दारापर्यंत गेली, तरी घोडीनं मान वर केली नाही. ज्यासाठी एवढं केलं तेच झालं, आणि बाईच्या काळजाचं पाणी झालं. हाक न मारता तशीच ती घाट चढली.

बहिर्जी दारातच उभा होता. घोडी जगली का, एवढंच त्यानं विचारलं.

"जगली," ती म्हणाली. "मला विसरली."

आणि पडवीत बसून धाय मोकलून रडली. त्या दिवशी बहिर्जीनं नेम केला, की या पागेतलं जनावर यापुढं चोरून जाणार नाही, एकटंही जाणार नाही.

आजही तसंच चालतं. सोबत गेलेलं माणूस परत आलं, की घरचे एकच विचारतात, निघताना घोडीनं वळून बघितलं का? नाही म्हटलं, की त्या दिवशी घरात गोडाचं करतात. ज्याच्यासाठी करतात त्याच्या घशाखाली मात्र घास उतरत नाही.

तर उद्या तुमच्यासोबत मीच येतोय. या घोडीला लहानाची मोठी मी केली आहे. तिला रोज दाणा कोण घालणार, ते ठरवा आणि त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ बसवा. आणि मी निघेन तेव्हा तिनं बघितलं की नाही, ते तुम्हीच बघून सांगा. मला बघवायचं नाही.