दुखवट्याची भाकरी

"आणि मेलेलं माणूस आम्ही उठवून दाखवलं तर, अप्पा? मठाला कुलूप लावाल?"

"लावीन की. गुडघे फार दुखायलेत."

मठाच्या ओसरीवर बसलेले डॉक्टर मल्लिकार्जुन हसले नाहीत. याच मठात राहून, अप्पास्वामींच्या हाताखाली ते लहानाचे मोठे झाले होते. आता परदेशात त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती. गेल्या वर्षी त्यांनी सशाचं गोठवलेलं काळीज पुन्हा चालवलं होतं. चांगलं अकरा मिनिटं!

"आज ससा, उद्या माणूस," ते म्हणाले. "महानंदाला तुम्हीच समजवा. बायको माझी, पण ऐकते तुमचं. म्हणते, पोरीला गावी आणा, मातीत ठेवा."

अप्पांनी मान वर केली. "शांभवी..."

"मेलेली नाही ती! थांबलीय."

डॉक्टरांचा आवाज चिरकला. सहा वर्षांची पोर चार दिवसांच्या तापात हातची गेली, तेव्हा त्यांनी तिला मातीआड होऊ दिलं नव्हतं. चार वर्षं झाली, ती तिकडे पोलादी टाकीत, बर्फाहूनही गार निजली होती. महानंदा दर वाढदिवसाला तिच्यासाठी एक माप मोठा फ्रॉक शिवायची. यंदा तिने मशीन उघडलंच नाही.

"कधी उठेल?"

"पन्नास वर्षं... शंभरही लागतील."

अप्पा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. परत आले ते थाळीत भाकरी-पिठलं घेऊन.

"खा, मल्लू."

डॉक्टरांना ते जेवण लगेच ओळखू आलं. मठात येण्याआधी, वडील गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या गंगव्वाने असंच ताट आणलं होतं, नको नको म्हणताना घास भरवला होता.

त्यांनी थाळी लोटली. "आमच्या घरी कुणी गेलेलं नाही."

अप्पांनी ती पुन्हा पुढे सरकवली.

...

डॉक्टरांनी तुकडा मोडला. तोंडाशी नेला. हात तिथंच थांबला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचे खांदे गदगदून हलू लागले.

"पण अप्पा... ती खरंच उठली तर?"

अप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तेव्हा आपण सगळे गेलेले असू. तिच्यापुढं ही थाळी कोण ठेवील, मल्लू?"