अबोली बोलली

एका जंगलात ओढ्याच्या वळणावर एक उंबर होता आणि त्याच्या ढोलीत एक खार राहत असे. उंबराच्या सावलीत अबोलीचं एक झुडूप होतं, मुलांनो, फार तर तुमच्या गुडघ्याएवढं. दुपारी रान पेंगुळलं की खार फांदीवर पोट टेकून त्याची केशरी फुलं बघत पडायची. बघता बघता तिचे डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांपुढेही केशरीच रंग तरंगत राही. त्या जंगलात अबोलीचं दुसरं झुडूप नव्हतं, आणि खारीचा तर त्याच्यावर भारी जीव.

एके दिवशी एक रानडुक्कर कंद हुंगत आलं आणि झुडूप मुळासकट उखडून चालतं झालं. त्याला फुलांचं काय कौतुक! खार रडून रडून दमली. मातीत तिला एक वाळका तुरा सापडला. त्यावर तीन बारीक बोंडं होती. तिने तो सावरीच्या कापसात गुंडाळून ढोलीत ठेवला आणि दंवाचा थेंबही आत येऊ नये म्हणून दाराशी पानं लावली. रोज ती तुरा कानाशी धरून म्हणे, "बोल ना गं, कधी उगवशील?" पण अबोलीच ती! दिवसांमागून दिवस गेले, बोंडं आपली कोरडी ठणठणीत.

शेवटी खार तुरा घेऊन ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. कासव नुकतंच पाण्याबाहेर येऊन आपल्या दगडावर बसलं होतं. नीट दिसावं म्हणून त्याने मान पुढे काढली आणि हनुवटीवरचा थेंब नेमका एका बोंडावर पडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग, तट्! बोंड फुटलं आणि चार बिया पाचोळ्यात उडाल्या.

"आजोबा, काय केलंत हे! माझं बी गेलं!" खार ओरडली आणि पाचोळा उपसू लागली.

"थांब, पोरी. गेलं नाही, निघालं. पाणी लागल्याशिवाय अबोली तोंड उघडत नाही."

"मग उरलेली दोन तरी राहू देत माझ्यापाशी."

"राहतील की, अशीच वाळकी," कासव म्हणालं.

खार बराच वेळ तुरा छातीशी धरून बसली. सोडवेना. मग ती उठली, उंबराखालच्या भुसभुशीत मातीत तिने तुरा ठेवला, शेपटी ओढ्यात बुडवली आणि डोळे गच्च मिटून झटकली. तट्! तट्!

"वर माती लोटू नकोस, पाचोळा पुरे," कासव म्हणालं. "ओल राहू दे, पण पाणी तुंबू देऊ नकोस."

त्या दिवसापासून खार रोज सकाळी ओली शेपटी झटकू लागली. पंधरवड्यात बारांपैकी सात बिया रुजल्या. काही महिन्यांनी दुपारी रान पेंगुळलं तेव्हा उंबराखाली, ओढ्याच्या काठाने, थेट कासवाच्या दगडापर्यंत केशरी फुलं डुलत होती. खार नेहमीसारखी फांदीवर पडली होती, पण त्या दुपारी तिला डोळे मिटावेसेच वाटले नाहीत.

तात्पर्य : जे वाढावं असं मनापासून वाटतं, ते कितीही लाडकं असलं तरी वेळेवर हातून सुटू द्यावं.