खोताचं नाक

दाजीबा खोत श्रावणात मासळी सोडायचा आणि सोडल्याचं गावभर सांगायचा. त्याच्याच घराच्या पडवीत शेवंती कोळीण भाड्याने राहायची. तिने सुके बोंबील भाजले की खोताचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी त्याने दम दिला, "शेवंते, उद्या मला वास आला तर तुझं बिऱ्हाड रस्त्यावर!"

शेवंतीने चूल सारवली, भांडी चिंचेने घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोत गावातली माणसं घेऊन आला. चुलीवर मडकं रटरटत होतं. दारातच त्याने डोळे मिटून नाक वर केलं.

"आला! बोंबलाचंच कालवण! लसूण ठेचून घातलीय, वर कोकमं!"

शेवंतीने झाकण काढलं. आत नुसत्या लिंबाच्या साली उकळत होत्या.

"दाजीसाहेब, घरातला वास मी घालवला. तुमच्या नाकातला वास श्रावण सरल्याशिवाय जायचा नाही. त्यासाठी मी का घर सोडू?"

माणसं खो खो हसली. बिऱ्हाडाचा विषय तिथेच मिटला. खोत तरातरा निघाला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "खोत, मीठ बरोबर पडलंय का, तेवढं सांगून जा!"