दवाखान्यातला बाक

मुलगा सुरतेला कामाला गेला, तेव्हापासून तानूआक्कांच्या घरात भांडं पडलं तरच आवाज व्हायचा. म्हणून त्या रोज सकाळी गावच्या दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसत. तिथं कुणीतरी हमखास विचारायचं, "आक्का, जेवलीस का?"

नव्या डॉक्टरांना ते खपलं नाही. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "आजी, हा दवाखाना आहे, चावडी नव्हे. रोजच्या गोळीनं तुमचा बीपी उत्तम आहे. उद्यापासून इथं दिसायचं नाही."

आक्का म्हणाल्या, "साहेब, उद्या हेच यंत्र घेऊन माझ्या घरी या. तिथं बी बीपी असाच निघाला, तर बाकाचं नाव काढणार न्हाई."

आक्कांना खोटं पाडायला डॉक्टर खरंच गेले. त्या सुन्या घरात बीपी भलताच चढलेला निघाला.

"गोळी चुकवलीत ना?" डॉक्टर गरजले.

"न्हाई साहेब. गोळी तीच, यंत्र तेच, डॉक्टर बी तुम्हीच. फकस्त बाक तिकडं ऱ्हायला."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'रोज सकाळी एक तास, बाकावर.'

"किती दिवस घ्यायचं हे औषध?" आक्कांनी विचारलं.

"मुलगा परत येईपर्यंत."

आक्का उंबऱ्यापलीकडच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तर मग कायमचंच लिहा."